मामीच्या झाडाचा पानसोट

काळजी करण्याचा पगार मिळतो हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. तोवर ती मी फुकटच करत आले होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरातल्या एका कृषी प्रयोगशाळेत संशोधन सहायक म्हणून मी रुजू झाले. तिथे तू नेमकं करतेस काय, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, काचेच्या नळ्यांकडे बघत बसते आणि आत बुरशी तर आली नाही ना याची धास्ती घेते. लोक हसायचे. मी थट्टा करत नव्हते.

काम ऊतिसंवर्धनाचं होतं. झाडाच्या कोवळ्या फांदीचा इवलासा शेंडा कापायचा, तो निर्जंतुक करायचा, आणि साखर, क्षार, संजीवकं घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर काचनळीत ठेवायचा. सगळं जमून आलं तर त्या शेंड्याला फुटवे येतात. फुटव्यांचे पुन्हा तुकडे करायचे, पुन्हा नळ्यांत ठेवायचे, असं करत एका झाडाची हुबेहूब तशीच शेकडो रोपं होतात. पण ते गोड माध्यम जितकं झाडाला आवडतं तितकंच बुरशीलाही. एक कण आत गेला की दोन-चार दिवसांत नळीत पांढरा कापूस दिसायला लागायचा. सकाळी त्या खोलीचं कुलूप उघडताना आज किती नळ्या गेल्या असतील याचा मी रोज अंदाज बांधायचे, आणि बरेचदा तो खरा ठरायचा.

साधनंही यथातथाच होती. माध्यम निर्जंतुक करायचं मोठं यंत्र सारखं बिघडायचं, म्हणून माझ्या वडिलांच्या इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून मोठ्यातला मोठा प्रेशर कुकर आणला होता. बाबा दुकानात येईल त्याला सांगायचे की पोरगी एमएस्सी झाली आणि आता सरकारी खर्चानं कुकरच्या शिट्ट्या मोजते. उन्हाळ्यात अख्खं नागपूर वाळ्याच्या ताट्यांच्या कुलरसमोर जीव मुठीत धरून बसलेलं असायचं, आणि आमच्या इमारतीत नळ्या भरायच्या आणि ठेवायच्या तेवढ्या दोन खोल्यांना कुलर लावायची बंदी होती. ओलसर हवा आली की बुरशी आली. नळ्यांच्या खोलीत एक म्हातारा एसी घरघरायचा, तो त्यांच्यासाठी. आम्ही बाहेर मे महिन्यात भाजून निघायचो.

ही बंदी आमच्या मॅडमनी घातलेली. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या, पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या आणि बोलायला अतिशय काटकसरी. आत शिरताना बांगड्या काढून ठेवायच्या, केसांत फूल नको, काम चालू असताना तोंड बंद. लग्न ठरल्यावर माझ्या हातात आलेल्या हिरव्या बांगड्यांकडे त्यांनी असं पाहिलं होतं की मी त्या दिवशी मुकाट्यानं दुसऱ्याला नळ्या भरायला सांगितल्या. त्यांचा मला धाक वाटायचा. पण एक गोष्ट त्यांच्यात होती. माहीत नसेल तेव्हा त्या सरळ माहीत नाही म्हणायच्या, आणि असं म्हणणारी वरिष्ठ व्यक्ती मी तोवर पाहिली नव्हती.

आम्ही संत्र्यावर काम करत होतो. नागपुरात राहून दुसरं कशावर करणार? तेव्हा काटोलकडच्या बागांत डिंक्या रोगानं थैमान घातलं होतं. जमिनीतली बुरशी मुळांत आणि बुंध्यात शिरते, साल फाटून डिंक वाहायला लागतो, पानं पिवळी पडतात आणि उभं झाड वाळून जातं. माझ्या मामीची बाग त्याच पट्ट्यातली.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामी एकटी बाग बघायची. उंच, काटक, पायात मामाच्याच मापाच्या चपला, आणि कमरेला कायम एक छोटा विळा. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता आणि तिथल्याच वसाहतीत राहायचा. स्वभावानं चांगला, पण आईनं बाग विकून आपल्याकडे यावं हे एकच त्याच्या डोक्यात. मामीला खापरखेड्याच्या नावानं धडकी भरायची. दोन खोल्यांचं क्वार्टर, समोर भिंत, दोरीवरच्या धुण्यावर राख. "मी तिथं काय करू वं? खिडकीत बसू?" असं ती मला विचारायची. झाडं आहेत तोवर मी इथून हलणार नाही, असं तिनं मुलाला सांगून ठेवलं होतं. मुलानं ते मान्य केलं होतं. आणि झाडं तर एकामागून एक चालली होती.

त्या दिवाळीला मी गेले तेव्हा बागेची दशा बघवत नव्हती. ओळीच्या ओळी पिवळ्या पडलेल्या, बुंध्यांना डिंकाच्या गुठळ्या. मामी तिथे थांबली नाही. मला सरळ खाली नाल्याकाठच्या कोपऱ्यात घेऊन गेली. पाणी तिथेच सगळ्यात जास्त साचायचं, म्हणजे रोग तिथेच सगळ्यात जास्त असायला हवा होता. आजूबाजूची झाडं मरून जळणात गेली होती. मधोमध एक झाड हिरवंगार उभं होतं, फळांनी लगडलेलं.

"हे काहून नाही मेलं, ते तुह्या मॅडमले पुस," मामी म्हणाली.

मी पुसलं. म्हणजे सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं, तेही जरा भीतभीत, कारण घरच्या गोष्टी त्यांना सांगायची पद्धत नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, खुंट कुठला? प्रश्न अगदी बरोबर होता. नागपुरी संत्र्याचं झाड म्हणजे खरं तर दोन झाडं असतात. खाली मूळ आणि बुंध्याचा वीतभर भाग जंबेरी नावाच्या रानटी लिंबाचा, तो खुंट. त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात, म्हणजे कलम करतात, आणि वर वाढतं ते संत्रं. लोक वरचं बघतात, कारण फळ वर लागतं. पण डिंक्याशी झुंजायचं ते खालच्या जंबेरीला, आणि हे झाड वाचलं असेल तर ते त्याच्या मुळानं वाचवलं असणार.

पुढच्या खेपेला मी मामीला खुंटाबद्दल विचारलं तेव्हा ती एकदम खुलली. ते मूळ तिच्या माहेरचं होतं. तिच्या वडिलांच्या विहिरीवर जंबेरीचं एक जुनं झाड होतं, त्याच्या बियांची काही रोपं ती लग्नानंतर पहिल्या वर्षी तेलाच्या डब्यात घालून घेऊन आली होती. बाकीची बकऱ्यांनी खाल्ली. एक उरलं, त्यावर मामानं स्वतः डोळा बांधला. वडिलांच्या विहिरीवरचं झाड कधीच गेलं होतं. म्हणजे त्या जातीचं या जगात जे काही शिल्लक होतं ते नाल्याकाठी मातीखाली होतं.

हे कळल्यापासून माझी झोप उडाली. मॅडमचं म्हणणं होतं की त्या मुळाचा एक फुटवा मिळाला तर त्यापासून नळ्यांत हवी तेवढी रोपं करता येतील आणि ती खरंच रोगाला दाद देत नाहीत का ते रोगट मातीत लावून बघता येईल. फांदी कापून साध्या मातीत रुजवायचीही सोय होती, पण त्यातून होऊन होऊन किती रोपं होणार, आणि फांदीत आधीच काही रोग असला तर तोही सोबत येणार. अगदी टोकाचा शेंडा बहुधा स्वच्छ असतो. प्रश्न फुटव्याचा होता. डोळ्याच्या खालून, जंबेरीच्या भागातून जे कोंब निघतात त्यांना आमच्याकडे पानसोट म्हणतात. ते झाडाचा रस पितात आणि फळ देत नाहीत, म्हणून कुठलाही बागायतदार ते दिसताक्षणी खुडतो. बागेत पानसोट वाढलेला दिसणं म्हणजे त्या घरात आळस वाढलेला दिसणं. आणि मामीच्या बागेत पानसोट शोधायचा म्हणजे तिच्या चुलीवर जळमट शोधण्यातला प्रकार.

"माह्या झाडाले पानसोट?" तिनं मला असं विचारलं, जणू मी तिच्या चारित्र्यावर शंका घेतली होती. मी तासभर समजावलं. शेवटी ती कबूल झाली, एक येऊ देईन, एकच.

हिवाळाभर मी एका कोंबाची वाट पाहत होते. माघात निरोप आला की आला आहे. मी धावत गेले. करंगळीएवढा, हिरवाकंच, बारीक काटे असलेला कोंब. पान चुरगळलं की संत्र्याचा नाही, लिंबाचा उग्र वास. अजून फार लहान होता, मॅडमनी चांगला हातभर वाढू द्यायला सांगितलं होतं. मी त्याला लाल चिंधी बांधली आणि परत आले. नवऱ्याला मी त्या दिवसांत त्या कोंबाबद्दल इतकं सांगितलं की तो म्हणायचा, आपलं लग्न नवीन आहे, थोडं माझ्याबद्दलही बोलत जा.

ठरलेल्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं गेले. सोबत ओला कापूस, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बर्फाचा थर्मास, सगळा सरंजाम. मामी घरात नव्हती. मी तशीच नाल्याकडे गेले. झाडाखाली मामी बसली होती, आणि तिच्या पुढ्यात लाल चिंधी बांधलेला कोंब पडला होता, पूर्ण वाळलेला.

तिनंच खुडला होता. दोन दिवसांपूर्वी मुलगा आला होता. पुन्हा तेच, विकून टाक, चल, आता यात उरलंय काय. या वेळी त्याचा आवाज चढला होता आणि मग तो रडलाही होता, आई, तुझी काळजी वाटते, असं म्हणत. तो गेल्यावर मामीच्या डोक्यात नुसता कल्लोळ. अशा वेळी ती नेहमी जे करायची तेच तिनं केलं. बागेतून फेरी मारली, झाडाझाडाशी वाकून, वाळकं काढत, तण उपटत. नाल्याकाठी आली, वाकली, आणि हात आयुष्यभर जे करत आला होता ते त्यानं करून टाकलं. विळासुद्धा लागला नाही. चिंधी बोटांना लागली तेव्हा तिला कळलं.

"मी नाही खुडला वं," ती म्हणाली. "हातानं खुडला."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तिचं तोंड बघवत नव्हतं. मी तो वाळका कोंब उगाचच ओल्या कापसात गुंडाळला. परतीच्या एसटीत मात्र मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईनं माहेरून निघालीस का असं विचारून मला संत्र्याची फोड दिली.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून पुढचा महिना बघितला. झाड आहे तोवर दुसरा कोंब येईल, हा एकच दिलासा होता, आणि पूर्ण उन्हाळा मी त्यावर काढला. कोंब आला नाही. मग पाऊस आला, त्या वर्षी फार आला. नाला फुगून मामीच्या शेतात शिरला आणि ओसरताना मागे गाळ टाकून गेला. झाडाभोवती इतका गाळ साचला की डोळा बांधलेली जागा मातीत गेली. जंबेरीची साल रोगाला जुमानत नव्हती, पण आता संत्र्याच्या सालीला ती माती लागली. मामीनं दोन्ही हातांनी गाळ उपसला. तोवर उशीर झाला होता. पोळ्याच्या सुमारास वरच्या बुंध्यावर डिंकाचा पहिला थेंब दिसला.

या वेळी मॅडम स्वतः आल्या. पदर खोचून चिखलात गुडघ्यांवर बसल्या आणि चाकूच्या टोकानं साल हलकेच खरवडून बघितली. वरची साल आतून तपकिरी झाली होती. खालची, जंबेरीची, आतून स्वच्छ होती. मग त्या उठल्या आणि मामीला त्यांनी सगळं सांगितलं, काहीही गोड न करता. झाड दोन प्रकारे हाताळता येईल. एक, रोगट साल खरवडून मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावत राहायचं. कदाचित एखाददोन बहार आणखी मिळतील, कदाचित झाड वाचेलही, पण बहुधा नाही, आणि मरताना ते मुळांनाही उपाशी मारून जाईल. दुसरं, आत्ताच झाड डोळ्याच्या खाली कापायचं. मग वरचं काही उरणार नाही, पण मुळात जीव आहे तोवर खुंटाला कोंब येतील, एक नाही, अनेक.

मामीनं विचारलं, त्या कोंबांची झाडं होतील याची खात्री आहे का?

"नाही," मॅडम म्हणाल्या. "कदाचित नळ्यांत जगणार नाहीत. जगले तरी हे झाड आजवर नुसतं नशिबानं वाचलं असेल, असंही निघेल. मला माहीत नाही."

मला त्या क्षणी मॅडमचा भयंकर राग आला. थोडं खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मामीच्या बागेत तेव्हा धडकं म्हणावं असं तेवढं एक झाड होतं, आणि ते गेलं की मुलाला दिलेल्या शब्दाप्रमाणे खापरखेडा. मामीनं एकेक हिरवं फळ बघत झाडाला एक फेरी मारली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, आणि मी मनातून त्याबद्दल तिचे आभार मानले, कारण तिनं विचारलं असतं तर मला हो म्हणायची छाती नव्हती आणि नाही म्हणायचीही.

तिनं दुसऱ्या दिवशी मुलाला बोलावून घेतलं. करवत त्याच्याच हातात दिली. तो बिचारा गोंधळला, त्याला वाटलं आई शेवटी तयार झाली. झाड आडवं झाल्यावर तिनं त्याला सांगितलं, "या खुंटाले कोंब येते का पायतो आपण. नाही आले तर म्या तुह्यासंग येईन. पण तवरिक बोलू नको." नाही बोलत, असं तो म्हणाला. कच्ची संत्री त्यानंच गोळा करून टोपल्यात भरली.

नंतरचे आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मामीनं खुंटाभोवती काटेरी कुंपण केलं होतं, बकऱ्यांसाठी म्हणून. मला तेव्हा वाटलं होतं की ते तिनं थोडंफार स्वतःच्या हातांसाठीही केलं असावं. दसऱ्याच्या आसपास खुंटाच्या कडेनं हिरवे ठिपके फुटले, आणि मग कोंबांची झुंबड उडाली.

त्यातले पहिले शेंडे आम्ही नळ्यांत घातले आणि जवळजवळ सगळे बुरशीनं गेले. शेतातली फांदी ती, सालीत बुरशी घेऊनच येते. धुण्याचं रसायन कडक केलं तर शेंडे भाजून तपकिरी व्हायचे, सौम्य केलं तर कापूस उगवायचा. मी हात धुऊन धुऊन कातडी सोलून घेतली होती. कोंब आणायला गेले की मामी विचारायची, "कसं हाये तिकडं?" अगदी दवाखान्यात ठेवलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं, आणि मी ठीक आहे म्हणायचे. ठीक काहीच नव्हतं. लाइन गेली की एसी बंद, दिवे बंद, आणि मी त्या काळोख्या खोलीच्या दारात पुतळ्यासारखी उभी. मॅडम म्हणायच्या की तू तिथे उभी राहिल्यानं वीज येत नाही. मला ते पटायचं, तरी मी हलायचे नाही.

आणि मग एका खेपेतल्या थोड्या नळ्या स्वच्छ राहिल्या. आठवडा गेला, पंधरवडा गेला, स्वच्छच. त्यांतल्या एकीत शेंड्याच्या बगलेतून दोन हिरवे कण बाहेर आलेले मी पाहिले आणि मॅडमना हाक मारली. त्यांनी नळी दिव्यासमोर धरली, भिंग लावलं, आणि नळी परत जागेवर ठेवली. बोलल्या एवढंच की आता जास्त माध्यम करायला घे.

पुढचं काम वर्ष-दीड वर्षाचं, आणि धास्तीही तेवढ्याच लांबीची. फुटवे वाढवले, त्यांना मुळं फुटू दिली, नळीतून काढलेली नाजूक रोपं प्लॅस्टिकच्या पिशवीखाली हळूहळू बाहेरच्या हवेला सरावली. कितीतरी त्यातच माना टाकून गेली. जी राहिली त्यांच्यासाठी मामीच्या नाल्याकाठची रोगट माती पोत्यांतून आणली, कुंड्या भरल्या, आणि शेजारी त्याच मातीत बाजारच्या जंबेरीची रोपं लावली. पाणी मुद्दाम साचू दिलं. रोपांना जगवण्याची नोकरी करणाऱ्या बाईला रोपांना मारायची तयारी करताना काय वाटतं ते कोणाला सांगून कळायचं नाही. बाजारची रोपं आधी पिवळी पडली, मग गेली. आमच्यातलीही काही गेली, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की संपलं. पण बरीचशी उभी राहिली. उपटून पाहिली तर मुळं पांढरी होती.

मॅडमनी त्यावर अहवाल लिहिला, त्यात कुठेही आनंदाचा शब्द नव्हता. आणखी वर्षं बघावं लागेल, आणखी मातींत बघावं लागेल, असंच सगळं. मला ते वाचून फार बरं वाटलं.

मामी तोवर तिथेच होती. मेलेली झाडं काढून तिनं तूर लावली होती. मुलगा दर महिन्याला यायचा, खुंटाच्या कोंबांकडे बघायचा, आणि दिलेला शब्द पाळून गप्प बसायचा. आमची रोपं मामीकडे लावायला नेली तेव्हा खड्डे त्यानं खणले. नाल्याकाठच्या त्या कोपऱ्यातही एक लावलं. वर्षभरानं मामीनं त्यावर संत्र्याचा डोळा बांधला, या वेळी जमिनीपासून चांगला उंच.

त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस मामेभाऊ माझ्या प्रयोगशाळेत आला. आईनं ताबडतोब बोलावलंय, कारण सांगत नाही, असं म्हणाला. कारण एकच असू शकत होतं. डिंक. मॅडमना न सांगताच मी निघाले. वाटेत कोणत्या शब्दांत तिची समजूत घालायची ते जुळवत बसले आणि एकही वाक्य धड जुळलं नाही.

मामी फाटकातच उभी होती. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. माझा हात धरून नाल्याकडे घेऊन गेली. झाड छातीला लागेल एवढं झालं होतं. मी आधी बुंधा पाहिला. साल गुळगुळीत, कोरडी. पुन्हा पाहिली. पानं पाहिली, हिरवी. मी काही न समजून तिच्याकडे बघितलं. तिनं बोट दाखवलं. डोळ्याच्या खाली, जंबेरीतून, एक पानसोट निघाला होता. चांगला हातभर वाढलेला, काट्यांसकट. वरच्या संत्र्याचा रस पिऊन माजलेला. मामीच्या बागेत एवढा मोठा पानसोट मी जन्मात पाहिला नव्हता.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"लय झाले," ती म्हणाली. "रोज येऊन पायतो अन् हात मागं बांधून परत जातो. काढू का वं?"

मी काढ म्हणाले. आता आपल्याकडे याचा तुटवडा नाही, शेकडो आहेत, असंही सांगितलं. ती तरीही वाकली नाही. नीट सांग, मॅडमले पुसायचं का, असं म्हणाली. त्यांना विचारायची गरज नाही, मी सांगते ना, काढ.

मग ती वाकली आणि तिनं तो पानसोट बुडाशी धरून एका झटक्यात काढला, सालीला जराही इजा न होऊ देता. नाकाशी नेऊन त्याचा वास घेतला. माझ्या हातात दिला आणि लुगड्याला हात पुसले.

"इतके दिवस हात नुसते शिवशिवून राहिले होते माहे," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला घराकडे निघाली.